तांब्याची वाटी, शिशाचं पोट

1943 साल. महायुद्ध ऐन भरात होतं आणि अमेरिकेतलं तांबं, पितळ, शिसं लष्कराकडे वळलं होतं. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावच्या फ्रेड हंटिंग्टन यांना शिकारीसाठी रायफलच्या गोळ्या हव्या होत्या, आणि बाजारात त्या मिळत नव्हत्या. वडिलांच्या लॉन्ड्रीच्या मागच्या जागेत त्यांनी स्वतःच साचे बनवायला घेतले. कच्चा माल म्हणून निवडल्या .22 (म्हणजे 0.22 इंच तोंडाच्या) रायफलच्या वापरून फेकलेल्या पितळी पुंगळ्या. या पुंगळीच्या बुडाला बारीक कड असते. ती साच्यातून ओढून सपाट केली की एका टोकाला बंद असलेली इवलीशी नळकांडी उरते. तिच्यात शिसं दाबून बसवायचं आणि उघडं तोंड आवळून टोक काढायचं. हंटिंग्टन ज्या प्राण्याच्या मागे असत त्या डोंगरी मार्मटला तिकडे ‘रॉक चक’ म्हणतात. म्हणून साच्याचं नाव पडलं ‘रॉक चक बुलेट स्वेज’, आणि त्याच्या आद्याक्षरांवरून कंपनीचं नाव झालं आरसीबीएस.

आपण बोलताना अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो, पण काडतुसात चार वस्तू असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी, आतली दारू आणि पुढे बसवलेली गोळी. अमेरिकेत हजारो नेमबाज आणि शिकारी या चार वस्तू सुट्या विकत घेतात आणि घरी काडतूस जुळवतात. त्यांना हॅण्डलोडर म्हणतात. पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते, बाकीच्या तीन वस्तू मात्र दरवेळी नव्या लागतात. वजनं मोजायची ती ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे 65 मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या जवळपास अर्ध्या गुंजेइतकं. या लोकांतले फार थोडे एक पाऊल पुढे जातात आणि गोळीही स्वतः घडवतात. मला कुतूहल आहे ते या थोड्यांचं, कारण त्यांच्या टेबलावर पदार्थविज्ञान अगदी हाताला लागतं.

शंभर वार, म्हणजे 91 मीटरवर पाच गोळ्या झाडायच्या आणि पाचही भोकं एकमेकांत मिसळली पाहिजेत, असा एक खेळ आहे. त्याचं नाव बेंचरेस्ट. अमेरिकेत त्याची राष्ट्रीय संघटना 1951 साली झाली. रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवलेली असते, त्यामुळे हात थरथरला ही सबब चालत नाही. भोकांच्या मध्यांतलं जास्तीत जास्त अंतर पाचएक मिलिमीटर आलं, तरच जिंकण्याची भाषा करायची. या खेळात लाडकी असलेली गोळी 6 मिलिमीटर जाड आणि 68 ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आतबाहेर वजनाची असते.

आता हिशेब करू. नळीच्या आतल्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरते, म्हणूनच ती हवेत कोलांट्या न खाता टोक पुढे ठेवून जाते. बेंचरेस्टच्या नळीत हा पीळ साधारण 14 इंचांना एक फेरा असतो. गोळी सेकंदाला 975 मीटर वेगाने बाहेर पडली, तर ती सेकंदाला 2,700 हून जास्त फेरे घेते, म्हणजे मिनिटाला एक लाख चौसष्ट हजार. घरातला मिक्सर पूर्ण जोरात असतो तेव्हा वीस हजारांच्या घरात असतो.

समजा, या गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या बरोबर मध्यातून फक्त अडीच मायक्रॉन बाजूला आहे. डोक्यावरच्या केसाची जाडी याच्या पंचवीस-तीस पट असते. नळीत असेपर्यंत गोळीला नळीच्या मध्याभोवतीच फिरावं लागतं, म्हणून तो बाजूचा गुरुत्वमध्य बारीक वर्तुळात फिरत राहतो. नळीचं तोंड सुटलं की गोफणीतल्या दगडासारखा तो स्पर्शरेषेत निसटतो. त्याचा आडवा वेग निघतो सेकंदाला सव्वाचार सेंटिमीटर. निशाण गाठायला गोळीला सेकंदाचा दहावा भाग लागतो, तेवढ्यात ती चार मिलिमीटर बाजूला गेलेली असते. कुठल्या बाजूला, हे गोळी नळीत कशी बसली होती त्यावर ठरतं. पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या की सामना संपला.

हा दोष येतो कुठून? मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचे डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी आयुष्याची कित्येक वर्षं गोळी वाकडी का जाते हे शोधण्यात घालवली. रायफल हलू नये म्हणून त्यांनी भक्कम काँक्रीटचा ओटा बांधला आणि त्याला ‘शूटिंग जिब्राल्टर’ म्हटलं. गोळ्या मुद्दाम बिघडवून झाडल्या. टोक चेपलेली गोळी जवळजवळ सरळ गेली. बूड एका बाजूने छिललेली गोळी मात्र भरकटली, कारण नळीतून सुटताना मागचा वायू तिला एका बाजूने जास्त ढकलत होता. हे निष्कर्ष त्यांनी 1909 मध्ये छापले.

वेग वाढला तसं नुसतं शिसं पुरेना, ते नळीत फासलं जाऊ लागलं. मग त्याला तांब्याचं आवरण आलं. हे जॅकेट बहुधा 95 टक्के तांबं आणि 5 टक्के जस्त अशा मिश्रधातूचं असतं. आधी पत्र्याच्या चकतीची वाटी करायची, मग ती वाटी एकामागून एक साच्यांतून ओढत पातळ आणि उंच करायची. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम बघितलेल्यांना पुढचं सांगायला नको. तांबं ठोकलं की कडक होतं, आणखी ठोकलं तर चिरतं, म्हणून कारागीर मध्येच ते भट्टीत तापवून मऊ करून घेतो. जॅकेट ओढतानाही असंच मधूनमधून तापवावं लागतं. पण खरी कसोटी भिंतीची. वाटीची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ राहिली, की आतलं शिसं मध्यातून सरकतं. शिशाची घनता 11.3 आणि तांब्याची 8.9, म्हणून गुरुत्वमध्यही सरकतो. बेंचरेस्टवाले भिंतीतला फरक सात-आठ मायक्रॉनच्या आत मागतात. ढोबळ हिशेबाने त्यातून गुरुत्वमध्य अर्धा मायक्रॉन हलतो आणि निशाणावर मिलिमीटरभर फरक पडतो. तेवढा चालतो.

हातप्रेसवर गोळी घडवताना शिशाच्या तारेचे तुकडे आधी साच्यात दाबतात. जास्तीचं शिसं बारीक भोकांतून शेवयांसारखं बाहेर येतं आणि प्रत्येक तुकडा सारख्या वजनाचा होतो. तुकडे धुऊन त्यांचं तेल पुरतं काढायचं, मग ते जॅकेटमध्ये दाबून बसवायचे. शेवटच्या साच्यात जाण्याआधी बाहेरून मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिनचा हलका हात फिरवायचा. या सगळ्यात मला भावलेली गोष्ट वेगळीच. दाब काढला की तांबं किंचित परत फुलतं, मऊ शिसं मात्र जिथल्या तिथे राहतं. म्हणून गोळी मोठ्या साच्यातून लहान साच्यात ढकलली तर जॅकेट फुलून शिशापासून सुटतं आणि आत केसभर पोकळी राहते. त्यामुळे प्रत्येक पायरीचा साचा आधीच्यापेक्षा किंचित मोठा ठेवतात. आतलं शिसं भिंतीला बाहेर रेटतं आणि दोन्ही धातू एकमेकांना घट्ट धरतात. रे बीलर आणि वॉल्ट ॲस्टल्स यांनी याच तत्त्वावर केलेल्या साच्यांनी बेंचरेस्टचं चित्र बदललं. असं काम करणारा माणूस घाई करत नाही, आणि म्हणूनच त्याच्या खोलीतली गोळी कित्येकदा कारखान्याच्या गोळीला मागे टाकते.

पुढे मोठ्या झालेल्या बऱ्याच कंपन्याही अशाच उभ्या राहिल्या. व्हर्नन स्पीअर आणि जॉइस हॉर्नडी यांनीही सुरुवातीला .22 च्या पुंगळ्यांचीच जॅकेटं केली. हॉर्नडींनी 1949 मध्ये नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडला स्वतःचा कारखाना काढला. जॉन नोस्लर यांचा धंदा ट्रकवाहतुकीचा होता. 1946 मध्ये कॅनडात मूस नावाच्या थोरल्या हरणावर झाडलेल्या गोळ्या आत न घुसता फुटल्या, तेव्हा त्यांनी मध्ये तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी घडवली. 1948 पासून ती विकली जाते आहे. वॉल्ट बर्गर स्वतःच्या सामन्यांसाठी गोळ्या करत होते, मग लोक मागायला लागले.

घरी करणारा स्वावलंबी दिसतो खरा, पण शिशाची तार आणि साचा मिळाला तरी इतक्या सारख्या भिंतीचं जॅकेट घरी होत नाही. त्याला ओळीने मांडलेले मोठे प्रेस लागतात, आणि बेंचरेस्टच्या दर्जाची जॅकेटं देणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच आहेत. त्यांनी एक आकार थांबवला की देशभरातले छोटे कारागीर एकदमच थांबतात. म्हणून हे लोक एकाच खेपेची हजारो जॅकेटं घेऊन ठेवतात. 2012-13 मध्ये आणि पुन्हा 2020-21 मध्ये अमेरिकेत काडतुसांची टंचाई झाली, तेव्हा कारखान्यांनी जास्त खपाच्या गोळ्यांना आधी जागा दिली आणि सामन्यांच्या गोळ्या मागे पडल्या. त्यातच डिसेंबर 2013 मध्ये मिसुरीतल्या हर्क्युलेनियमची, खनिजापासून शिसं काढणारी देशातली शेवटची भट्टी बंद झाली. आता शिसंच मिळणार नाही, अशी ओरड उठली. गोळ्यांचं बरंचसं शिसं जुन्या बॅटऱ्या वितळवून येत असल्याने ती भीती खरी ठरली नाही. खरा तुटवडा टोप्यांचा होता. गोळी घरी घडवता येते, पण टोपीतलं स्फोटक घरी करण्याची गोष्ट नव्हे.

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे महाराष्ट्रात हे काम खडकी आणि वरणगावच्या सरकारी कारखान्यांतलं. एकसारख्या गोळ्यांच्या प्रश्नाला आपले नेमबाज भिडतात ते वेगळ्या दाराने. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 451.4 गुणांसह कांस्य जिंकलं ते 50 मीटरच्या .22 रायफलवर. तिथला दहाचा गोल 10.4 मिलिमीटरचा असतो. या काडतुसाचं स्फोटक बुडाच्या कडेतच भरलेलं असतं, म्हणून ते पुन्हा भरता येत नाही आणि घरी सुधारताही येत नाही. अशा वेळी मोठे नेमबाज रायफल शिकंजात घट्ट बसवतात, एकेका लॉटची काडतुसं झाडून बघतात, आणि जो लॉट आपल्या नळीला मानवेल त्याचे जमतील तेवढे डबे उचलतात. तो संपला की पुन्हा पहिल्यापासून. बालेवाडीच्या रेंजवर सराव झाल्यावर जमिनीवर ज्या पितळी पुंगळ्या पडतात त्यांचा व्यास 5.7 मिलिमीटर असतो, बुडाला तीच बारीक कड असते. ओरोव्हिलच्या लॉन्ड्रीमागे हंटिंग्टन याच पुंगळ्या जपून गोळा करत होते.