जबड्यातील वाहिनी-अर्बुदे व त्यांवरील संघोपचार

जबड्याच्या हाडात वाढणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या विरळ गाठी. हाडातील एकूण अर्बुदांत वाहिनीजन्य गाठी सुमारे १ टक्का मानतात; त्याही मुख्यतः मणक्यांत व कवटीत आढळतात. जबड्यांपैकी खालचा अधिक ग्रासला जातो.

नावाचा वाद जुना आहे. पूर्वी सर्वांनाच ‘हिमँजिओमा’ (रक्तवाहिन्यांचे अर्बुद) म्हणत. मलिकन व ग्लोवाकी या संशोधकांनी १९८२ मध्ये पेशीवाढीची खरी अर्बुदे आणि वाहिन्यांच्या घडणीतील विकृती वेगळ्या केल्या. १९९६ च्या सुमारास ही विभागणी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा पाया ठरली. त्यानुसार हाडातील बहुतेक ‘हिमँजिओमा’ या मंद प्रवाहाच्या शिराविकृतीच ठरतात. हेच मत अधिक ग्राह्य दिसते, जरी अस्थिविकृतिशास्त्रात जुने नाव टिकून आहे. वाद निव्वळ शब्दांचा नाही : वेगवान प्रवाहाच्या धमनी-शिरा विकृतीत (धमनी व शिरा थेट जोडल्या गेलेल्या असतात) साधा दात काढणेही जिवावर बेतते.

पुण्यात रुग्ण बहुधा घराजवळच्या दंतवैद्याकडे हलणारा दात किंवा हिरडीतून येणारे रक्त घेऊन जातो. दाबलेला दात पुन्हा वर उसळणे, हाताला ठोके लागणे ही धोक्याची खूण. क्ष-किरणात मधाच्या पोळ्यासारखी किंवा साबणाच्या फेसासारखी छाया दिसते, पण अमेलोब्लास्टोमातही (जबड्यातील दुसऱ्या एका अर्बुदात) ती तशीच दिसते. म्हणून तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याआधी सुईने ओढून पाहतात. लाल रक्त सहज भरले, तर तिथेच थांबून सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे सीटी चित्रण) करतात.

पुढचे काम मुखशल्यविशारद, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (क्ष-किरणांच्या साहाय्याने वाहिन्यांतून उपचार करणारे तज्ज्ञ), भूलतज्ज्ञ, रक्तपेढी व प्लास्टिक सर्जन यांचे. दंतविभाग आणि कॅथलॅब (कॅथेटरने उपचार करण्याचा कक्ष) एकाच आवारात असतीलच असे नाही. त्यामुळे तारखा जुळवणे हाही उपचाराचाच भाग. वेगवान विकृतीत मांडीच्या धमनीतून कॅथेटर (बारीक नळी) नेऊन बाह्य कॅरोटिडच्या (चेहऱ्याला रक्त पुरवणाऱ्या मानेतील धमनीच्या) पोषक शाखा पीव्हीए या प्लास्टिकच्या कणांनी वा वैद्यकीय गोंदाने बुजवतात आणि बहुधा २४ ते ७२ तासांत शस्त्रक्रिया करतात. उशीर झाल्यास आडवाटेच्या वाहिन्या उघडतात. कण नेत्रधमनीत गेल्यास दृष्टी जाऊ शकते. बाह्य कॅरोटिडच बांधून टाकणे चुकीचे : शेजारच्या वाहिन्यांतून रक्त येतच राहते आणि कॅथेटरची वाट मात्र बंद होते. लहान मंद गाठीला खरवडणे पुरते. मोठी गाठ हाडासह काढल्यास पायाच्या फिब्युला या हाडाने जबडा उभारतात.

दात काढताच रक्ताची धार लागली, तर तोच दात खोबणीत परत बसवून, वर गॉज ठेवून रुग्णाला घट्ट चावायला सांगतात आणि तसेच रुग्णालयात हलवतात.