घरमालकाने बिल अडवलंय? ठेकेदाराने दाद कुठे आणि कशी मागावी

काम उरकत आलं की शेवटचं बिल अडतं. कुठे ओल दिसते, कुठे टाइल पोकळ वाजते, नाहीतर जादा केलेलं काम 'ठरल्यातच होतं' असं ऐकावं लागतं. अशा वेळी ठेकेदाराची वाट ग्राहक आयोगाकडे जात नाही. तिथे ग्राहक घरमालक असतो, आणि सदोष कामाची तक्रार तोच तिथे करू शकतो. आपलं येणं वसूल करायचं ते दिवाणी न्यायालयात.

कोण दावा लावू शकतो, किती दिवसांत?

ज्याचे कामाचे पैसे येणे आहेत तो कोणीही. मात्र भागीदारी फर्म असेल तर ती नोंदणीकृत हवी; नाहीतर 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 69 आडवं येतं. मुदत 3 वर्षांची. पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल तर ती काम झाल्यापासून मोजतात. त्या मुदतीत मालकाने बाकी लेखी, सहीनिशी कबूल केली तर तिथून नवी मुदत सुरू होते. 'दिवाळीनंतर बघू' या तोंडी वायद्याने ती एका दिवसानेही वाढत नाही.

कागदपत्रं

कोटेशन किंवा करार, बिलं, मालाच्या पावत्या, बँकेतल्या नोंदी, फोटो. पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद मोजमापाचा. प्लास्टर असेल तर प्रत्येक भिंतीची लांबी, उंची, दारं-खिडक्यांची वजावट, दर आणि खाली मालकाची सही. ही सही काम चालू असताना, रनिंग बिलाबरोबरच (टप्प्याटप्प्याने लावलेल्या बिलाबरोबर) घ्यावी. भांडण लागल्यावर कोणी देत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

प्रक्रिया

आधी वकिलामार्फत नोटीस: काम, रक्कम आणि पैसे देण्याची मुदत स्पष्ट लिहून, पोच मिळेल अशा रीतीने पाठवावी.

मालक बोलायला तयार असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. कोर्ट फी नाही, तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं (निकालाचं) बळ असतं आणि त्यावर अपील नाही. लहान ठेकेदाराने हे आधी करून पाहावंच.

तडजोड जमली नाही तर दावा. लेखी करार आणि ठरलेली रक्कम असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात मालकाला बचावासाठी न्यायालयाची परवानगी मिळवावी लागते. जादा काम तोंडी सांगितलेलं असेल तर साधा दावा. करार कायद्याचं कलम 70 तिथे कामी येतं: काम फुकट करायचं नव्हतं आणि मालकाने त्याचा लाभ घेतला, हे दाखवावं लागतं.

मालकाचा चेक परत आला असेल तर तारखांना फार जपा. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणी, ती मिळाल्यापासून मालकाला 15 दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 138 खाली न्यायालयात तक्रार.

रागाच्या भरात बसवलेले नळ, दरवाजे काढून आणू नका. पैसे राहतात बाजूला आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो.