रेसिंग गेमवरील नाराजीची पार्श्वभूमी : दोष कुठला, धोरण कुठले

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर किंवा परभणी येथील रेसिंग गेम खेळणाऱ्या तरुणांशी बोलायला बसले, तर तक्रारी साधारण त्याच निघतात : गेम मध्येच अडकतो, कम्प्युटरची गाडी चिटिंग करते, सर्व्हर लागत नाही, चांगली गाडी हवी असेल तर खिशात हात घालावा लागतो. एका दमात सांगितल्या जात असल्याने या तक्रारी एकाच जातीच्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे वय वेगळे आहे आणि कारणेही वेगळी आहेत. काही प्रोग्रामरच्या हातून राहून गेलेले दोष आहेत, तर काही कंपन्यांनी पूर्ण विचारांती घेतलेले निर्णय आहेत. दोषावर पॅच, म्हणजे कंपनीने नंतर दिलेली दुरुस्ती, निघतो. निर्णय मात्र खेळाडूंनी पुरेशी ओरड केल्यावरच बदलतो, आणि कित्येकदा तेव्हाही बदलत नाही. गेल्या तीस वर्षांत नाराजीचा भार पहिल्याकडून दुसऱ्याकडे सरकत गेला आहे.

सर्वांत जुना दोष वेळेच्या हिशेबाचा. सुरुवातीच्या घरगुती संगणकांवरील अनेक खेळांचा वेग थेट प्रोसेसरच्या वेगाशी बांधलेला असे, त्यामुळे नवा जलद संगणक घेतला की जुन्या खेळातील गाडी आवरेनाशी होई. त्या काळच्या कॅबिनेटवरचे 'टर्बो' बटण हा याच अडचणीवरचा तोडगा होता. नाव काहीही असले तरी त्याचा खरा उपयोग संगणकाचा वेग कमी करण्यासाठीच होई. हा प्रश्न विसाव्या शतकातच संपायला हवा होता. तरीही नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या 'नीड फॉर स्पीड : रायव्हल्स'ची पीसी आवृत्ती सेकंदाला ३० फ्रेम्सवर, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या ३० चित्रांवर, जखडलेली निघाली, आणि ज्यांनी ही मर्यादा उठवून फ्रेम्स ६० केल्या त्यांच्या पडद्यावर सगळे जगच दुप्पट वेगाने धावू लागले, कारण हालचालीचे गणित फ्रेम्सच्या संख्येवर बसवलेले होते. महागडे ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यालाच त्याचा भुर्दंड पडला. त्यापूर्वी २००३ मध्ये 'बिग रिग्ज : ओव्हर द रोड रेसिंग' नावाचा एक खेळ आला होता, ज्यात प्रतिस्पर्धी ट्रक जागचा हलत नसे, आपला ट्रक इमारतींतून आरपार जाई आणि रिव्हर्स गिअरमध्ये वेगाला मर्यादाच नसे. तो आज विनोद म्हणून आठवला जातो. 'रायव्हल्स' मात्र नावाजलेल्या मालिकेतला, पूर्ण किमतीला विकलेला खेळ होता.

कम्प्युटर चिटिंग करतो, ही तक्रारही जुनीच आहे, पण तो दोष नाही. शर्यत तीन-चार मिनिटांची असते. पहिल्याच वळणावर खेळाडू मागे पडला किंवा फार पुढे निघून गेला, तर उरलेला वेळ कंटाळवाणा जातो. म्हणून खेळाडू पुढे गेला की प्रतिस्पर्ध्यांचा वेग वाढवायचा आणि तो मागे पडला की त्यांना हळू करायचे, अशी रचना केली जाते. तिला रबर-बँडिंग म्हणतात. १९९२ च्या 'सुपर मारिओ कार्ट'पासून ती ओळखीची आहे आणि 'नीड फॉर स्पीड'च्या 'अंडरग्राउंड' (२००३) व 'मोस्ट वाँटेड' (२००५) या खेळांत ती फार जाणवते. इंजिन, टायर, नायट्रस सगळे अद्ययावत केलेली गाडी घेऊन दोन फेऱ्या आघाडीवर राहावे आणि शेवटच्या फेरीत एका टॅक्सीला धडकताच तीन गाड्या मागून सुसाट निघून जाव्यात, हा अनुभव त्या पिढीतील बहुतेकांच्या गाठीशी आहे. शर्यत रंगतदार ठेवण्याचा हेतू प्रामाणिक आहे, यात शंका नाही. पण मेहनतीने वाढवलेल्या गाडीला काही अर्थच उरत नसेल, तर खेळाडूने ती मेहनत का करावी, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर या रचनेकडे नाही.

मराठवाड्यात हे खेळ पोहोचले ते बहुतांशी सायबर कॅफेमधून आणि सीडीच्या नकलांमधून, आणि त्यामुळे इथल्या तक्रारींना एक वेगळेच वळण मिळाले. एका सीडीत मावावे म्हणून गाणी आणि मधले व्हिडिओ काढून टाकलेली 'रिप' आवृत्ती मिळे आणि डिस्कची तपासणी टाळण्यासाठी मूळ फाइलच्या जागी क्रॅक, म्हणजे ती तपासणी काढून टाकलेली फाइल, टाकलेला असे. कंपनीने पुढे पॅच काढला तरी तो बसवताच क्रॅक पुसला जाई आणि गेम मूळ डिस्क मागू लागे. परिणामी, जगात अन्यत्र महिन्या-दोन महिन्यांत मिटलेले दोष इथे वर्षानुवर्षे तसेच राहिले आणि पुष्कळांनी तोच खेळाचा स्वभाव मानला. यंत्रसामग्रीची अडचण निराळी होती. तेव्हा सर्रास खपणाऱ्या इंटेल ८६५ चिपसेटच्या मदरबोर्डवरील अंगभूत ग्राफिक्समध्ये नव्या खेळांना लागणारी शेडरची, म्हणजे प्रकाश-रंगाचे परिणाम दाखवण्याची, सोय नव्हती. गेम सुरूच होत नसे. मग 'थ्रीडी अ‍ॅनालाइझ' नावाचे एक छोटे सॉफ्टवेअर मित्राच्या पेन ड्राइव्हवरून आणून, त्यातील चौकटींवर अंदाजाने टिक करत, ग्राफिक्स कार्ड असल्याचा बहाणा गेमपुढे करावा लागे. एवढे करून गेम सुरू झालाच, तर चित्र कसे दिसेल याचा भरवसा नसे.

त्यात भारनियमन. गेम प्रगतीची नोंद लिहीत असतानाच वीज गेली, तर ती फाइल अर्धवट राही आणि पुढच्या वेळी प्रोफाइल खराब झाल्याची सूचना पडद्यावर येई. वीज जाणे हा काही गेमचा दोष म्हणता येणार नाही. पण नोंदीची एक जुनी प्रत बाजूला ठेवली की हे नुकसान टळते, आणि तेवढी साधी काळजी अनेक खेळांनी घेतली नव्हती. वीज कधी जात नाही अशा ठिकाणी बसून केलेल्या रचनेत हे सुचले नसावे.

मूळ डिस्क विकत घेणाऱ्यांची गत पुढे फार चांगली झाली असेही नाही. त्या काळच्या कितीतरी खेळांवर 'सेफडिस्क' नावाचे नक्कलविरोधी कुलूप होते. ते विंडोजमधील एका ड्रायव्हरवर चाले. विंडोज १० मध्ये तो ड्रायव्हर ठेवलाच नाही आणि सप्टेंबर २०१५ मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव मायक्रोसॉफ्टने आधीच्या विंडोजमध्येही तो बंद केला. प्रामाणिकपणे पैसे मोजून घेतलेली डिस्क चालेनाशी झाली. क्रॅक केलेली नक्कल चालत राहिली.

कुलूप डिस्कवरून सर्व्हरवर गेले तेव्हा तक्रारींचे स्वरूपच बदलले. २०१५ च्या 'नीड फॉर स्पीड'मध्ये एकट्याने खेळतानाही सतत इंटरनेट लागत होते आणि म्हणूनच गेम मध्ये थांबवण्याची सोय नव्हती. उन्हाळ्यात दारात टँकर आला की घरातल्या प्रत्येकाला हंडे-बादल्या घेऊन धावावे लागते अशा भागात पॉज बटण नसणे म्हणजे काय, हे सांगायला नको. मार्च २०२२ मध्ये 'ग्रॅन टुरिस्मो ७'चे सर्व्हर एका अपडेटच्या वेळी ३० तासांहून अधिक काळ बंद राहिले आणि किरकोळ प्रकार सोडता सुमारे ५,००० रुपयांचा तो गेम तेवढा वेळ निरुपयोगी झाला. सर्व्हर सुरू झाले तेव्हा अनेक शर्यतींची बक्षिसे घटवलेली आढळली. सर्वांत महाग गाड्या २ कोटी क्रेडिट्सच्या (गेममधील चलनाच्या) घरात होत्या आणि अमेरिकेत २० लाख क्रेडिट्स सुमारे २० डॉलरना विकली जात होती. म्हणजे पडद्यावरच्या एका गाडीचे मोल खऱ्या पैशात सुमारे २०० डॉलर, गेमच्या किमतीच्या जवळजवळ तिप्पट. निर्माते काझुनोरी यामाउची यांनी माफी मागितली, खेळाडूंना १० लाख क्रेडिट्स दिली आणि एप्रिलमध्ये बक्षिसे वाढवली. सर्व्हर कोसळला तो दोष. बक्षिसे घटवली तो निर्णय.

ऑनलाइन शर्यतीतील एक अडचण मात्र कोणाच्याच धोरणाची नाही. ताशी २०० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे ५५ मीटर जाते, म्हणजे एक दशांश सेकंदाच्या विलंबात साडेपाच मीटर, एका मोटारीच्या लांबीपेक्षा जास्त. समोरच्याची गाडी नेमकी कुठे आहे हे गेम अंदाजाने दाखवतो आणि खरी माहिती उशिरा आली की ती गाडी पडद्यावर उडी मारते. त्यामुळे दोघांपैकी एकाला धडक दिसते, दुसऱ्याला दिसत नाही, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. जालन्यातील किंवा उदगीरमधील मोबाइल हॉटस्पॉटवर खेळणाऱ्याला हा विलंब अधिक भोवतो.

पैशांच्या मागणीची सुरुवात मोबाइलवर झाली. फेब्रुवारी २०१३ मधील 'रिअल रेसिंग ३'मध्ये गाडीच्या दुरुस्तीसाठी प्रत्यक्ष घड्याळाच्या हिशेबाने थांबावे लागे, किंवा पैसे भरून ती वेळ टाळता येई. पुढे हीच कल्पना पूर्ण किमतीच्या खेळांत शिरली. नोव्हेंबर २०१७ च्या 'नीड फॉर स्पीड : पेबॅक'मध्ये गाडीचे भाग पत्त्यांच्या रूपात नशिबाने मिळत, टीकेनंतर बक्षिसांचे प्रमाण वाढवण्यात आले. ऑक्टोबर २०२३ च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'ने पैसे मागितले नाहीत, वेळ मागितला : सुटे भाग खुले होण्यासाठी प्रत्येक गाडी स्वतंत्रपणे तासन्‌तास चालवावी लागे. मार्च २०२४ मध्ये ही अट सैल करण्यात आली. २०१२ चा, इंटरनेटशिवाय चालणारा 'हिल क्लाइंब रेसिंग' लातूरच्या क्लासेसना आलेल्या मुलांच्या फोनवर अजून सापडतो, त्यामागे हीही पार्श्वभूमी आहे.

शेवटी प्रश्न मालकीवर आला. मोटारींचे आणि संगीताचे परवाने संपले की खेळ विक्रीतून काढले जातात. 'कार्बन', 'अंडरकव्हर' आणि 'द रन'सह 'नीड फॉर स्पीड' मालिकेतील पाच खेळ २०२१ मध्ये असेच हटवले गेले, तरी आधी घेतलेल्यांना ते एकट्याने खेळता येत राहिले. डिसेंबर २०१४ मधील, युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या 'द क्रू'चे तसे झाले नाही. तो पूर्णतः सर्व्हरवर अवलंबून असल्याने ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच विकत घेतलेली प्रत्येक प्रत निकामी झाली. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघात तिच्याशी निगडित नागरिक-याचिकेला २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. त्याच वर्षी युबिसॉफ्टने 'द क्रू २'ला ऑफलाइन खेळण्याची सोय दिली. पहिल्या 'द क्रू'ला ती कंपनीकडून मिळालेली नाही.