कन्सीलरच्या ट्यूबमधला गंज

हनुवटीवर तीन खुणा होत्या. एक ताजी, लालसर. तिथला मुरूम आठवड्यापूर्वीच बसलेला. दुसरी जुनी, गडद तपकिरी. तिसऱ्या जागी रंग उरलाच नव्हता, टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा तेवढा होता. डाग झाकायचं, परवडेल असं एक साधं कन्सीलर आणून तिन्हींवर सारखाच थर दिला. लाल डाग गुलाबी होऊन डोकावत राहिला. तपकिरी डागावर राख फासल्यासारखं दिसू लागलं. आणि खड्डा, रंग अगदी जुळूनही, होता तसाच.

स्वस्तात घेतलं की असंच होणार, असं म्हणून ट्यूब फेकून देणं सोपं होतं. पण मागची घटकांची यादी वाचली आणि दोष किमतीवर ढकलणं जड जायला लागलं. यादीच्या शेवटी चार आकडे होते: ७७८९१, ७७४९१, ७७४९२, ७७४९९. महागड्या ट्यूबवरही बहुधा हेच चार सापडतात. पहिला टायटॅनियम डायऑक्साइडचा. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच पदार्थ. उरलेले तीन म्हणजे लाल, पिवळा आणि काळा आयर्न ऑक्साइड, साध्या शब्दांत गंजाची भावंडं. गोऱ्यापासून गडद सावळ्यापर्यंतच्या बहुतेक शेड या चौघांना कमीजास्त मिसळून तयार होतात.

पांढरी पूड डाग झाकते म्हणजे नेमकं काय करते? प्रकाशाला डागापर्यंत पोचूच देत नाही, आणि जो पोचतो त्याला सरळ परत येऊ देत नाही. एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना प्रकाश वळतो, आणि दोघांच्या अपवर्तनांकांत (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो, ते सांगणारा आकडा) जितका फरक, तितका जास्त वळतो. कन्सीलरमधल्या तेलांचा किंवा सिलिकोनचा अपवर्तनांक साधारण १.४ असतो. हिऱ्याचा २.४. टायटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल या रूपाचा त्याहूनही जास्त, सुमारे २.७! त्यामुळे तेलात पसरलेले त्याचे कण प्रकाश वाटेल त्या दिशेला उधळतात. मात्र कणाचा आकार नेमका हवा. २०० ते ३०० नॅनोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मा, असेल तर उधळण सर्वांत जोरदार होते. हाच पदार्थ शंभर नॅनोमीटरहूनही बराच बारीक केला की जवळजवळ पारदर्शक होतो. सनस्क्रीनमध्ये तो तसाच वापरतात.

किमतीचा संबंध येतो तो इथे, आणि तोही पदार्थापेक्षा मेहनतीशी. कणांच्या गुठळ्या झाल्या तर गुठळी एकाच मोठ्या कणासारखी वागते आणि थर विरळ दिसतो. कण नीट सुटे करणं, तेलात बसतील असं आवरण त्यांना देणं, भरपूर शेड काढणं, या गोष्टींना पैसे लागतात. माझ्या ट्यूबमध्ये गुठळ्या आहेत का, हे पाहायला कागदावर पेनाने काळी रेघ ओढली आणि तिच्यावर पातळ थर फिरवला. रेघ जवळपास गायब झाली. झाकण्याच्या ताकदीत ट्यूब कमी नव्हती. रंगाच्या थराची अपारदर्शकता त्याची जाडी, उधळण आणि शोषण यांवरून काढण्याचं गणित पाउल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ साली मांडलं. ते भिंतीच्या रंगालाही लागू पडतं आणि हनुवटीलाही.

मग राख कुठून आली? थर पातळ असला की कण निळा प्रकाश जास्त उधळतात. तांबडा तुलनेने सहज खाली उतरतो आणि तिथलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तो गिळून टाकतं. आपल्या डोळ्यांकडे परत येतो तो निळसर, करडा उजेड. मुरमाच्या दाहानंतर मेलॅनिन त्वचेत खोलवर उतरलं असेल, तर डाग कन्सीलरशिवायही करडा-निळसर दिसतो, कारण तेव्हा ही उधळण वरची त्वचाच करत असते. यावर जाड थर थापणं हा उपाय नव्हे. खाली नारिंगी किंवा पीच रंगाच्या करेक्टरचा (कन्सीलरआधी लावायच्या रंगीत मलमाचा) हलका हात दिला की हरवलेला तांबडा प्रकाश भरून निघतो.

लाल डागाची गोष्ट वेगळी. तिथे मेलॅनिन नव्हे, तर रुंदावलेल्या केशवाहिन्यांमधलं रक्त दिसत असतं. हिमोग्लोबिन ५४० ते ५८० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा-पिवळा प्रकाश शोषतं आणि तांबडा सोडून देतं. हिरवा करेक्टर नेमका तो तांबडा शोषतो. मग कुठलाच रंग वरचढ उरत नाही आणि वरून त्वचेच्या रंगाचा थर दिला की भागतं. हिरवा ठिपका मात्र डागापुरताच हवा. तो पसरला की चेहरा आजारी दिसतो, हे मी आरशात पाहिलं आहे.

त्वचेहून दोन छटा उजळ शेड लावायचा मोह सगळ्यांना होतो. भिंतीवरचे विणलेले पडदे बनवणाऱ्या पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईवर देखरेख करणारे रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांनी १८३९ मध्येच दाखवून दिलं होतं, की शेजारच्या रंगामुळे रंग वेगळा भासतो. डोळा रंगापेक्षा रंगांमधली सीमा आधी टिपतो. उजळ ठिपका म्हणजे डागाभोवती आखलेलं वर्तुळच. म्हणून डागाच्या मधोमध बोट फिरवू नये; फक्त कडा विरवाव्यात.

दुपारपर्यंत शेड गडद होते, त्याला बरेच जण 'ऑक्सिडाइज झालं', म्हणजे गंजलं, म्हणतात. पण लाल-पिवळा आयर्न ऑक्साइड आधीच गंजलेला असतो, तो आणखी काय गंजणार? गडद होण्याचं बरंचसं कारण साधं आहे. उडून जाणारं द्रव्य उडतं, कणांभोवतीच्या बारीक पोकळ्यांत चेहऱ्याचं तेल शिरतं आणि अपवर्तनांकांमधला फरक घटतो. कोरडा कपडा भिजल्यावर गडद दिसतो ना, तसंच. म्हणून शेड पारखायची तर लावून दहा मिनिटं थांबून, आणि दिवसाच्या उजेडात.

ज्यांना अजून मुरूम येतात त्यांच्यासाठी एक सांगायला हवं. सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरमांचं वर्णन क्लिगमन आणि मिल्स या संशोधकांनी १९७२ मध्ये केलं. त्या काळच्या चाचण्या सशांच्या कानांवर होत, आणि ते कान माणसाच्या त्वचेपेक्षा लवकर तुंबतात. त्यामुळे वेष्टणावरच्या 'नॉन-कोमेडोजेनिक' (छिद्रं न तुंबवणारं) या शब्दाला फार भुलू नये. आठवडाभर जबड्याच्या एका कोपऱ्यात लावून पाहणं जास्त खात्रीचं.

दुसऱ्या खेपेला हिरवा ठिपका, पीचचा हात आणि वर तीच स्वस्त ट्यूब, एवढ्यावर दोन डाग झाकले गेले. खड्डा उरला. तिथे दिसतो तो रंग नव्हेच, सावली आहे. बाजूने उजेड आला की पडणारी. सावलीला कन्सीलर लागू पडत नाही, आणि चमकीचं घेतलं तर अभ्रकाचे कण खड्ड्याची कड आणखी उठवतात. खिडकीकडे तोंड करून बसलं की मात्र तो दिसत नाही.