हॉकीतला ऑफसाइड कसा गेला: पार्श्वभूमी

१९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय हॉकीतला ऑफसाइड, म्हणजे चेंडूच्या पुढं गोलजवळ थांबण्यावर बंधन घालणारा नियम, प्रयोग म्हणून थांबवण्यात आला आणि १९९८ मध्ये तो नियमपुस्तकातून कायमचा गेला. कुणी कुठं उभं राहायचं हे शंभराहून अधिक वर्षं याच नियमानं ठरवलं होतं. आपल्याकडे हॉकी बदलल्याची चर्चा १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमधल्या कृत्रिम मैदानापासून सुरू होते आणि तिथंच संपते. ऑफसाइडचं नाव त्यात क्वचितच निघतं. ही मोठी उणीव आहे.

खेळाचं आजचं रूप १८७० च्या दशकात लंडनच्या आसपास घडलं. ब्लॅकहीथचा क्लब त्याआधीपासून खेळत होता, पण रबराच्या ठोकळ्यानं आणि मोकळ्या माळावर. टेडिंग्टनच्या क्रिकेटपटूंना हिवाळ्यासाठी खेळ हवा होता. त्यांनी क्रिकेटचा चेंडू घेतला. सपाट गवतावर तो घरंगळू लागला, आणि स्टिकनं अडवणं, वळवणं, नेमका पास देणं शक्य झालं. लांबून धोपटून गोल होऊ नयेत म्हणून गोलसमोर डी आला, म्हणजे ज्याच्या आतूनच गोल मारता येतो ते अर्धगोलाकार क्षेत्र. १८८६ मध्ये लंडनच्या क्लबांची संघटना उभी राहिली आणि याच धर्तीचे नियम पुढं सगळीकडे गेले. ऑफसाइड त्या काळच्या फुटबॉलसारखाच होता: पास सुटतो त्या क्षणी चेंडूच्या पुढं असलेला खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन जण हवेत. फुटबॉलनं तिनाचे दोन १९२५ मध्ये केले. हॉकीनं त्यासाठी १९७२ उजाडू दिलं.

प्रसार झाला तो बराचसा ब्रिटिश छावण्यांतून. कोलकात्याची बेटन स्पर्धा १८९५ ची, मुंबईची आगाखान १८९६ ची. वेल्समधल्या ऱ्हिल इथला आयर्लंड-वेल्स हा पहिला आंतरराष्ट्रीय सामनाही १८९५ चाच. इंग्लंडमध्ये मात्र हौशी खेळात चषक नको, लीग नको, ही भूमिका १९६० च्या दशकापर्यंत टिकली. चुरशीच्या स्पर्धेची सवय त्यामुळे भारतात आधी लागली. १९०८ मध्ये हॉकी ऑलिंपिकमध्ये आली, पण १९२४ मध्ये पॅरिसनं ती वगळली, कारण तिची जागतिक संघटनाच नव्हती. त्याच वर्षी युरोपातल्या सात देशांनी पॅरिसमध्ये ती स्थापन केली. ब्रिटनमधले देश बाहेरच राहिले. १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला भारतानं २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. ब्रिटननं १९२८ ते १९३६ या तिन्ही ऑलिंपिकला संघ पाठवला नाही. १९४८ मध्ये वेम्बलीत अखेर गाठ पडली तेव्हा भारत ४-० नं जिंकला. त्या संघात मुंबईत खेळणारे गोवेकर होते. महिलांची आंतरराष्ट्रीय संघटना १९२७ पासून वेगळी होती. त्यांची हॉकी ऑलिंपिकमध्ये यायला १९८० साल लागलं, आणि दोन्ही संघटना १९८२ मध्ये एक झाल्या.

भारताची शैली आणि तीन जणांचा ऑफसाइड यांचं नातं इथं नीट पाहायला हवं. मांडणी २-३-५ ची: दोन फुल बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. गोलकीपर आणि दोन बॅक मिळून तीन होतात. त्यांतला एक बॅक चार पावलं पुढं सरकला की त्याच्यामागं गेलेला फॉरवर्ड ऑफसाइड. म्हणून दोन्ही बॅक एका रेषेत उभे राहत नसत. एक वर, एक खाली. अशा बचावावर लांब थ्रू पास (बचावपटूंच्या मागं सोडलेला चेंडू) वाया जाई, कारण पुढं थांबायला कुणाला मुभाच नव्हती. उपाय दोन होते: चेंडू स्वतःच्या स्टिकवर ठेवून बॅकला चकवणं, किंवा लेफ्ट इन (डावीकडचा आतला फॉरवर्ड) आणि सेंटर फॉरवर्डनी चेंडूच्या मागं राहून आडवे छोटे पास खेळणं. ज्याच्याकडे चेंडू आहे तो ऑफसाइड होत नाही, आणि चेंडूच्या मागं असलेलाही नाही. भारत आणि पाकिस्तानचं ड्रिबलिंग, म्हणजे चेंडू स्टिकवर खेळवत नेणं, हौसेचा मामला नव्हता. त्या नियमावरचं ते सर्वांत कामाचं उत्तर होतं.

१९७२ मध्ये तिनाचे दोन झाले. त्याच वर्षी म्युनिकला पश्चिम जर्मनीनं पाकिस्तानला १-० नं हरवून सुवर्ण घेतलं, तेही गवतावर. १९२८ ते १९६८ पर्यंत हे पदक उपखंडाबाहेर गेलं नव्हतं. भारत १९६८ आणि १९७२ या दोन्ही वेळी तिसरा होता. म्हणजे मैदान बदलण्याआधीच पारडं झुकू लागलं होतं. मॉन्ट्रियलला भारत सातवा आला हे खरं. पण गवतावरच घडलेल्या पाकिस्ताननं १९८४ चं ऑलिंपिक आणि १९९४ चा विश्वचषक कृत्रिम मैदानावर जिंकला. सगळा दोष मैदानावर टाकणाऱ्यांनी या दोन तारखांना उत्तर द्यायला हवं.

मैदानानं खरी अडचण केली ती पंचांची. हॉकीत पंच दोनच, लाइन्समन नाहीत. आपल्या अर्ध्या भागाची जबाबदारी ज्याची त्याची. ऑफसाइड द्यायचा तर पास सुटतानाची स्टिक आणि पुढच्या फॉरवर्डची जागा एकाच क्षणी दिसायला हवी. गवतावर चेंडू उड्या घेत, अडखळत येई, नजर वळवायला उसंत मिळे. कृत्रिम मैदानावर तोच पास सरळ आणि कितीतरी वेगानं जातो. चुकीच्या शिट्ट्या वाढल्या, चांगल्या चाली मधेच तुटू लागल्या. १९८७ मध्ये ऑफसाइड शेवटच्या २५ यार्डांपुरता उरला, पण नेमकं तिथंच पाहणं सर्वांत अवघड होतं. नियम काढून टाकणं हा पंचांच्या दृष्टीनं योग्यच निर्णय होता. मात्र त्याची किंमत छोट्या पासच्या खेळानं मोजली, आणि ती कुणी फारशी मांडली नाही.

१९९६ नंतर बॅकला पुढं सरकून सापळा लावता येईना. एक स्ट्रायकर गोलकीपरशेजारी थांबला की एका बचावपटूला त्याच्याजवळ राहावंच लागतं, आणि मधली फळी विरळ होते. मग हवेतून फेकलेल्या लांब चेंडूला किंमत आली. बेसलाइनवरून आलेला जोरदार पास दुसऱ्या गोलपोस्टजवळ जमिनीवर ठेवलेल्या स्टिकनं नुसता वळवायचा, हा गोल नेहमीचा झाला. जुन्या सवयीचे संघ इथंच फसतात: बचावपटू चेंडूकडे बघत राहतो आणि पाठीमागचा माणूस सुटतो. त्यानं गोल आणि स्ट्रायकर यांच्यामध्ये उभं राहून, हाताच्या अंतरावरून चेंडू आणि स्ट्रायकर दोघांनाही नजरेत ठेवायचं असतं. डीमध्ये बचावपटूच्या पायाला चेंडू लागला की सहसा पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बेसलाइनवरून सुरू होणारी गोलची संधी. तिथं गोलवर मारलेला पहिला हिट गोलच्या तळाशी असलेल्या ४६० मिमीच्या फळीहून उंच जाऊन चालत नाही, ड्रॅग फ्लिकला (चेंडू स्टिकनं ओढत फेकण्याला) मात्र ती मर्यादा नाही.

२५ यार्डांची रेषा आज २२.९० मीटरवर आहे, आणि ऑफसाइड जाऊनही तिचं काम वाढलं आहे. तिच्या आत आक्रमक संघाला मिळालेली फ्री हिट (प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दलचा मोकळा फटका) थेट डीमध्ये मारता येत नाही. चेंडू आधी किमान ५ मीटर जावा लागतो, किंवा बचाव करणाऱ्या संघाच्या खेळाडूनं त्याला स्पर्श केलेला असावा लागतो.