स्तनपान आणि बाळाची रोगप्रतिकारशक्ती

आईच्या दुधातून बाळाला पोषणाबरोबर संसर्गाशी लढणारे तयार घटक मिळतात. बाळाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा कच्ची असते, त्या काळात हे घटक राखण करतात आणि ती यंत्रणा घडवण्यातही त्यांचा वाटा असतो.

गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातली आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे (जंतूंना ओळखून रोखणारी प्रथिने) वारेतून मोठ्या प्रमाणावर बाळाकडे जातात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ती म्हणूनच कमी मिळतात. जन्मानंतर हा साठा सुमारे ३ आठवड्यांत निम्मा होतो आणि पुढे तसाच घटत राहतो. बाळाची स्वतःची आयजीजी सावकाश तयार होते, त्यामुळे ३ ते ६ महिन्यांच्या सुमारास एकूण पातळी सर्वांत खाली असते. शिवाय जंतू बहुतेकदा नाक, घसा आणि आतड्याच्या अस्तरातून शिरतात. तिथे पहारा देणारे आयजीए हे दुसऱ्या प्रकारचे प्रतिपिंड नवजात बाळाजवळ जवळजवळ नसते. ते दुधातून येते.

दुधातले आयजीए पोटातल्या पाचकरसांना दाद देत नाही. ते रक्तात फारसे शोषले जात नाही. अस्तरावर राहून जंतूंना पेशींना चिकटू देत नाही. त्याचा नेमकेपणा विशेष आहे. आईच्या आतड्यात किंवा श्वासमार्गात एखादा जंतू आला की त्याला ओळखणाऱ्या, प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी तिथून स्तनांतील दुधाच्या ग्रंथींत जातात आणि त्याच जंतूविरुद्धचे आयजीए दुधात येऊ लागते. आई आणि बाळ एकाच घरात, एकाच हवेत राहत असल्याने बाळाला ज्या जंतूंचा धोका असतो त्यांवरचीच प्रतिपिंडे त्याला मिळतात. पावडरच्या दुधात हे घडवता येत नाही. म्हणूनच सर्दी, ताप किंवा जुलाब झाल्यावर आईने पाजणे थांबवणे ही चूक ठरते. लक्षणे दिसेपर्यंत बाळाचा त्या जंतूशी संपर्क बहुधा होऊन गेलेला असतो. पाजणे थांबवले तर फक्त संरक्षण थांबते. हात धुवावेत, खोकला असेल तर मास्क लावावा आणि पाजत राहावे.

दुधातले लॅक्टोफेरिन लोह बांधून ठेवते आणि जंतूंची वाढ रोखते. लायसोझाइम जीवाणूंची भित्तिका फोडते. जिवंत पांढऱ्या पेशीही दुधात असतात. लॅक्टोज (दुधातली मुख्य साखर) आणि स्निग्धांशाच्या खालोखाल दुधात ऑलिगोसॅकराइड या शर्करा असतात. त्यांचे २०० हून अधिक प्रकार आढळले आहेत. बाळाला त्या पचत नाहीत. त्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरिया या उपयुक्त जीवाणूंचे खाद्य होतात आणि काही रोगजंतू पेशींऐवजी त्यांनाच चिकटून शीवाटे बाहेर पडतात.

पहिल्या २ ते ४ दिवसांचे दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. त्यात आयजीए नंतरच्या दुधापेक्षा अनेक पटींनी जास्त असते. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर चीक येतो आणि तेवढाच पुरतो, कारण बाळाच्या जठरात सहज मावते तेच मुळी ५ ते ७ मिलिलिटर. ‘दूध उतरलेच नाही’ असे समजून इथेच साखरपाणी किंवा वरचे दूध सुरू केले जाते. पोट भरलेले बाळ कमी ओढते, स्तन कमी रिकामे होतात आणि मग दूध खरोखरच कमी बनते.

जन्मानंतर तासाभरात पाजायला सुरुवात, पहिले ६ महिने फक्त आईचे दूध (पाणीही नाही) आणि पुढे पूरक आहारासोबत २ वर्षे किंवा त्याहून जास्त काळ स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सुरुवातीला २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावे लागते. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूला जास्त दिसणारा, अशी पकड हवी. नुसते स्तनाग्र तोंडात असेल तर भेगा पडतात आणि दूधही नीट निघत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज किमान ६ वेळा लघवी आणि दोन आठवड्यांच्या आत जन्मवजन परत गाठणे, या दूध पुरत असल्याच्या भरवशाच्या खुणा. रडण्यावरून अंदाज बांधू नये.

काढून ठेवलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस टिकते. ते कोमट पाण्यात भांडे ठेवून गरम करावे. उकळल्याने प्रतिपिंडे नष्ट होतात.

स्तनपानामुळे जुलाब, न्यूमोनिया, कानाचे संसर्ग आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांतला आतडे सडण्याचा घातक विकार कमी होतो, याचे पुरावे भक्कम आहेत. ॲलर्जी आणि दम्याबाबत ते तितके ठाम नाहीत. दुधातले संरक्षण मुख्यतः पाजणे चालू असेपर्यंतचे असते आणि लसींची जागा घेत नाही. ड जीवनसत्त्व आईच्या दुधात कमी असल्याने बाळाला रोज ४०० युनिट थेंब देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. लोहाचा जन्मजात साठा ६ महिन्यांच्या सुमारास संपत येतो, म्हणून पूरक आहारात लोह हवेच.

स्तनपान पूर्ण वर्ज्य ठरवणारी कारणे मोजकीच आहेत. बाळाला गॅलॅक्टोसीमिया हा दुधातली साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात विकार असणे हे त्यातले ठळक. स्तनावर नागिणीसारखे हर्पिसचे फोड असतील तर त्या बाजूने पाजू नये. आईला एचआयव्ही असल्यास किंवा ती कर्करोगाची औषधे घेत असल्यास निर्णय डॉक्टरांसोबत घ्यावा. इतर बहुतेक औषधांसाठी पाजणे बंद करावे लागत नाही.