सापाचं पिल्लू खात नाही म्हणून दूध ठेवताय?

घरात निघालेलं सापाचं पिल्लू बरणीत ठेवलं आणि ते काही खाईना, तर वाटीभर दूध द्या, असा सल्ला सोलापुरात श्रावण आला की हमखास फिरतो. त्यामागे माया आहे, पण माहिती चुकीची आहे.

दूध फक्त सस्तन प्राण्यांचं. धामण, नाग, दिवड अंड्यातून येतात. आई त्यांना काही पाजत नाही. दूध पचवायची सोय त्यांच्या पोटात नाही. मग नागपंचमीला नाग दूध पिताना दिसतो तो? त्याला आधी बरेच दिवस पाण्यावाचून ठेवलेलं असतं. तहानेनं कासावीस झालेला जीव समोर येईल ते पितो.

पडताळायला साप पकडू नका. कुठल्याही व्हिडिओत जीभ नीट पाहा: दुभंगलेली, बारीक, वास घेऊन लगेच आत जाणारी. मांजरासारखं चाटून पिणं तिला जमतच नाही.

पिल्लू खात का नाही, याचं उत्तर बहुधा साधं असतं. अंड्यातून आलेल्याच्या पोटात बलकाचा साठा उरलेला असतो, पहिली कात टाकेपर्यंत ते सहसा खात नाही. डोळे निळसर, धुरकट दिसले तर कात जवळ आली समजा. शिवाय बरणीतली भीती! दिवडीच्या पिल्लाला बेडूक किंवा मासोळी लागते, तीही आडोशाला.

नागाच्या पिल्लालाही जन्मापासून विष असतं आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडचे साप पाळता येत नाहीत. त्यामुळे हात न लावता वनविभागाला किंवा जाणत्या सर्पमित्राला कळवा.